दहा दिवसांचं सुतक

चंद्रकांताला शाळेतून पळणाऱ्या पोरांचा मनापासून तिटकारा होता, आणि तो बाळगण्याचा हक्क तिनं पन्नास वर्षं कमावला होता. वसईच्या पश्चिमेला तिची फुलांची वाडी शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. वाडी म्हणजे सोनचाफा, कागडा, जास्वंद, कडेनं केळी आणि मधोमध पाण्याच्या मोटारीची खोली. मधल्या सुट्टीनंतर भिंतीवरून दप्तर पडलं की पाठोपाठ पोरगं पडायचं, आणि पडायचंही ते तिच्या कागड्यावरच. गेल्या पन्नास वर्षांत असे किती पडले याची मोजदाद नाही. त्यांतला एकही धड उडी मारू शकत नव्हता, असं तिचं मत.

पूर्वीची पोरं निदान पळून कुठं तरी जायची. समुद्र चालत पंधरा मिनिटांवर. आताची भिंत उतरतात, मोटारीच्या खोलीमागे सावलीत बसतात आणि मोबाईलवर माना मोडतात. म्हणजे वर्गात बसून केलं असतं तेच, फक्त डास चावून घेत. “एवढं धाडस करायचं आणि जायचं कुठं, तर माझ्या शेणखताच्या ढिगाशी,” असं म्हणून ती नळीनं त्यांच्यावर पाणी सोडायची.

तिचा तिटकारा अंगात भिनण्याचं कारण वेगळं होतं. ती स्वतःही पळायची, पण उलट्या दिशेनं. सातवी झाली आणि बापानं तिचं नाव शाळेतून काढलं. घरात फुलं खुडायला हात कमी पडत होते. पहाटेपासून खुडायचं, केळीच्या खोडाच्या दोऱ्यात वेण्या गुंफायच्या, नंतर शिंपणं. अकराच्या सुमारास बाप जेवायला बसला की ही पोर भिंतीवर चढून शाळेच्या मागच्या खिडकीशी उभी राहायची. आठवीचा अर्धा भूगोल ती असा उभ्यानं शिकली. उरलेला अर्धा राहिला, कारण बापाला कळलं आणि त्यानं तिला चाफा खुडायच्या लांब आकडीनं झोडपलं. पुढं लग्न राहिलं, भाऊ गेला, वाडी राहिली आणि चंद्रकांता राहिली. आज ती अडुसष्ट वर्षांची आहे.

तिच्या आयुष्यात अभिमानानं सांगावं असं एकच होतं. गावदेवीच्या देवळात नवरात्राचे नऊ दिवस पहाटेचा पहिला हार तिच्या वाडीतला. एक्केचाळीस वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. ताप आला तेव्हा नाही, पुराचं पाणी वाडीत शिरलं तेव्हा नाही, टाळेबंदीत देऊळ बंद होतं तेव्हा तिनं हार बंद दाराला बांधला. गावात आपली जी काही ओळख आहे ती या हारामुळं, असं ती धरून चालली होती. हार थांबला तर आपण कुणाच्या खिजगणतीत उरणार नाही, ही धास्तीही तिला होती, पण ती कुणाला सांगत नव्हती.

यंदा नवरात्राच्या तोंडावर तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं. ती आठवडाभर मुलुंडला भाचीकडे राहिली. हाराची व्यवस्था लावूनच गेली. पुतण्या परेशची बायको स्वप्ना फुलं खुडून हार करील आणि परेश अंधेरीला कामावर जाता जाता साडेपाचला देवळाच्या फाटकाच्या खिळ्याला परडी अडकवील. रोज सकाळी ती फोन करून विचारायची, “पोचला?” आणि परेश म्हणायचा, “पोचला ग आत्या.” पोचल्याचं त्याला काय कळणार? हा मनुष्य अंधारात परडी अडकवून गाडी न थांबवता निघून जाणारा. आदल्या दिवशीची रिकामी परडी परत का मिळत नाही, एवढा प्रश्नही त्या डोक्यात शिरला नाही.

रविवारी संध्याकाळी चंद्रकांता काळा चष्मा लावून घरी परतली. सोमवारी, पाचव्या माळेला, ती कुणाचं न ऐकता स्वतःच परडी घेऊन देवळात गेली.

देवळात श्रीरंग होता. श्रीरंग सकाळी देवळाचा कारभार बघतो आणि दिवसा शाळेत क्लार्क. दोन्हीकडे त्याचं काम एकच, वहीत लिहिणं आणि लोकांना थांबायला सांगणं. फाटकात काळ्या चष्म्यातली चंद्रकांता दिसताच त्याच्या हातातला तांब्या घरंगळत पायरीपर्यंत गेला.

“चंद्रकांताताई... तुम्ही?”

“मग कोण?”

“नाही, म्हणजे... तुम्ही तर बुधवारी... मुंबईला, दवाखान्यात... वारलात ना?”

तिला वाटलं, ऑपरेशन डोळ्याचं झालं पण बिघाड कानात झालाय. मग तिचं लक्ष विहिरीकडे गेलं. विहिरीच्या कठड्याखाली चार परड्या ओळीनं पडल्या होत्या. गुरुवारचा हार काळा पडला होता, रविवारचा नुसताच सुकला होता. बाजूला एक काठी होती. सुतकातल्या घरची फुलं म्हणून श्रीरंगनं परड्या हातानं न उचलता काठीनं ढकलत तिथवर नेल्या होत्या. गाभाऱ्यात देवीच्या गळ्यात बाजारातला झेंडू होता.

एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच नवरात्रात तिथं तिच्या वाडीचा हार नव्हता. पण रडण्याआधी ती चिडते, ही तिची जुनी खोड.

“मी मेले हे तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्या पियुषनंच. रजेचा अर्ज आहे ना शाळेत. मीच दाखल करून घेतला.”

पियुष म्हणजे परेशचा दहावीतला मुलगा. उडी मारता येत नाही म्हणून त्यानं अर्जाचा मार्ग धरला होता, आणि तो मार्ग शोधताना जेवढी अक्कल खर्चली तेवढी त्यानं अभ्यासात घातली असती तर घराण्यात पहिला इंजिनियर झाला असता. आईकडचं कुणी मारलं तर रजा तीन दिवसांची. लग्न झालेली आत्याआजी मारली तरी तीनच. पण चंद्रकांता बिनलग्नाची, म्हणजे घराण्यातलीच, म्हणजे सुतक पुरतं दहा दिवसांचं. त्यात ती खरोखरच दवाखान्यात गेलेली. “अंत्यविधी तिकडेच उरकले,” असं त्यानं अर्जात स्वतःहून लिहिलं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा नंबर म्हणून त्यानं आपलाच जुना सिम दिला होता. त्यावर वर्गशिक्षिकेचा दुःखाचा मेसेज आला, तर या पठ्ठ्यानं बापाच्या वतीनं “आभारी आहोत” असं लिहून खाली हात जोडले.

“आणि तुला खरं वाटलं,” चंद्रकांता म्हणाली.

“अर्जावर लिहिलेलं होतं ताई.”

“बरं. मी बुधवारी मेले. आज सोमवार. माझ्या घरी आलास भेटायला?”

श्रीरंगनं तांब्या उचलला आणि धोतराला पुसला. “नवरात्राची गडबड, तुम्ही जाणताच. दहाव्याला येणारच होतो.”

“आणि बाकीचे? गावाला माहीत होतं?”

“देवळात फळ्यावर लिहिलं होतं ना, हार यंदा नाही म्हणून.”

फळा तिनं पाहिला. “सुतकामुळे वाडीचा हार बंद. झेंडू वर्गणीतून.” सुतक कुणाचं तेही लिहायची तसदी कुणी घेतली नव्हती. चार दिवस सगळं गाव तो फळा वाचून प्रसाद घेऊन गेलं होतं आणि दारात एक माणूस आलं नव्हतं. परेश-स्वप्नाला काही कळलं नाही ते त्यामुळंच. खोटं उघडं पडायला कुणीतरी रडायला यावं लागतं.

तिनं पाचव्या माळेची परडी त्याच्या हातात अक्षरशः कोंबली आणि थेट शाळेत गेली. फाटकातून. सातवीनंतर पहिल्यांदा.

दहावीच्या वर्गावर फेलिशिया टीचर होत्या. दारात चंद्रकांता दिसली तशा त्यांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला आणि भिंतीला टेकल्या. मग सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचा चेहरा लाल होत गेला.

“आजी, मला माफ करा. मी यायला हवं होतं. पण तुमच्यात सुतकात बाहेरच्यांनी कधी यायचं मला ठाऊक नव्हतं. श्रीरंग सर म्हणाले, दहाव्याआधी नको.” त्या थोड्या घुटमळल्या. “मग मला जमेल ते केलं. काल रविवारी सातच्या मिस्साला तुमचं नाव दिलं. फादरनी वेदीवरून वाचलं. चंद्रकांता. सगळ्यांनी तुमच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली.”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी भर सभेत चंद्रकांताचं नाव वाचलं होतं, आणि तेही ती मेल्यावर, परक्यांच्या देवळात. तिनं चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला.

“पियुष आहे तरी कुठं?” टीचरनी विचारलं.

“दाखवते.”

ती वर्गाच्या मागच्या खिडकीकडे गेली. ही तीच खिडकी. गज गंजले होते, पण होते तेवढेच. पंचावन्न वर्षांपूर्वी ती बाहेरून आत बघायची. आता ती आतून बाहेर बघत होती. भिंतीपलीकडे मोटारीच्या खोलीमागे, शेणखताच्या ढिगाशेजारी, पियुष मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. घरून डबा घेऊन शाळेला निघालेला, दहा दिवसांच्या सुतकात असलेला.

“पियुष!”

त्यानं वर बघितलं. मेलेली आजी शाळेच्या खिडकीत, काळा चष्मा लावून. मोबाईल खतात पडला. वर्गातली सगळी पोरं खिडकीशी गोळा झाली.

“आत्याआजी, अगं... तू इथं कशी?”

“वरून आले. मला एवढंच सांग, घरात एवढी माणसं असताना मारायला मीच सापडले?”

पोर सापडलं होतं, आणि सापडलेलं पोर कधीकधी खरं बोलतं. “सॉरी ना. पप्पांचं नाव टाकलं असतं तर लोक घरी आले असते भेटायला. लगेच वाट लागली असती. तुझं म्हटलं तर... कोण येणार आहे? म्हणून सेफ वाटलं.”

मागची दोन पोरं खिदळली. टीचरनी नुसतं बघितल्यावर गप्प झाली.

चंद्रकांतानं गज घट्ट धरले. त्याला शिव्या घालायच्या म्हणून ती इथवर आली होती आणि आता एकही शिवी तोंडातून येईना. शाळा सुरू झाल्यापासून या पोरानं मांडलेलं हे एकच गणित बरोबर आलं होतं. कोण येणार आहे? एक्केचाळीस वर्षांचे हार आणि कुणीच नाही. तिला त्या पोराची कीव आली, श्रीरंगची किळस आली, आणि सगळ्यांत जास्त राग स्वतःचा आला. हार म्हणजे आपण, असं समजून आपण जगलो. हार म्हणजे हार. तो थांबला की झेंडू आणतात.

“याला काय शिक्षा करायची, आजी?” टीचरनी हळूच विचारलं. “हेडसर म्हणतील, दहा दिवस घरी बसवा.”

“म्हणजे त्याला हवं तेच द्या,” ती फणकारली. “मुळीच नाही. वर्गात बसवा. पहिल्या बाकावर. त्याला दुसरी शिक्षा कशाला?”

पियुष भिंतीवर चढायला लागला. दोनदा घसरला. तिनं तोंड फिरवलं.

मंगळवारी पहाटे पाचला तिनं त्याला पांघरुणातून ओढून काढलं. “चल, खुडायला.” तो जांभया देत चाफ्याखाली उभा राहिला आणि आकडीनं फुलांऐवजी पानंच ओढत राहिला. तिनं शांतपणे आकडी काढून घेतली आणि कसं ओढायचं ते दाखवलं.

देवीचा हार झाला. तो तिनं परेशच्या हाती दिला आणि बजावलं, “खिळ्याला नाही, हातात द्यायचा. त्या श्रीरंगच्या.” देवीचा यात काही दोष नव्हता, तेव्हा हार जाणारच होता. पण या खेपेस तो पोचल्याचं तिनं परेशला विचारलं नाही.

मग ती परत खाली बसली, निवडून ठेवलेली अकरा सोनचाफ्याची फुलं घेतली आणि वेणी गुंफली. अशी वेणी ती देवीखेरीज कुणासाठी करत नसे. ती तिनं केळीच्या पानात गुंडाळून पियुषच्या दप्तरावर ठेवली.

“ही कोणाला?”

“तुझ्या टीचरला. तास चालू झाला की सगळ्यांसमोर उठून द्यायची.”

“सगळ्यांसमोर? काय बोलू मी?”

“सांग, तुम्ही रविवारी जिचं नाव वाचून घेतलंत, तिनं दिलीय. प्रार्थना पोचली म्हणावं.”

पियुषनं वेणी उचलली आणि सवयीनं मागच्या भिंतीकडे निघाला.

“फाटकातून जा,” चंद्रकांता म्हणाली.