इंदूचा क्लोज

बायकोनं न सांगता मी आयुष्यात एकदाच दाढी केली, आणि त्या दिवशी पन्नासेक माणसं कामधंदा सोडून बसून राहिली.

साल ब्याण्णव-त्र्याण्णव असेल. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून! एका रविवारी आमच्या कौलारू घरासमोर सिनेमाच्या गाड्या थांबल्या. शहरात गेलेला हिरो गावी परत येतो, असा सीन होता. डायरेक्टरनं आमच्या ओट्याकडे बोट केलं. "शेजारचं म्हातारं जोडपं म्हणून हे दोघं बसतील. काका, जसे आहात तसेच बसा."

(म्हातारं! मी तेव्हा जेमतेम बावन्न. पण चार दिवसांची पांढरी दाढी आणि भोक पडलेलं बनियन बघून त्याचा तरी काय दोष?)

माझी बायको इंदू. तिला जाऊन आता तेरा महिने झाले. एखादी वस्तू कशी चालते ते कळल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. घरात मिक्सर आला तेव्हा तिनं मला तो आधी खोलायला लावला, वाटण मग. त्या दिवशी तर तिच्या अंगणात अख्खी कंपनी उतरलेली. सूप हातात घेऊन ती एकेकाला गाठत सुटली.

टेप घेऊन हिंडणाऱ्याला म्हणाली, "तुम्ही शिंपी का हो?"

"नाही मावशी, मी फोकसवाला. कॅमेऱ्यापासून तुमच्या नाकापर्यंतचं अंतर मोजतो. चुकलं तर तुम्ही धुरकट दिसाल."

"अगोबाई! मग परत मोजा!"

पाटीवाल्याला म्हणाली, "ही पाटी सारखी कशाला आपटता?"

"चित्र वेगळं घेतात मावशी, आवाज वेगळा. ही फळी मिटलेली दिसते, तिचा टक् ऐकू येतो, त्यावरून दोन्ही जुळवायचं."

ती धावत माझ्याकडं. "अहो, लग्न जुळवतात तसं जुळवतात!" मग परत गेली, परत आली. "अहो, ती वहीवाली बाई माझ्या बांगड्या मोजून लिहितेय! सूप कुठल्या हातात, तेसुद्धा!" बाई असं का लिहिते, तेही इंदूनं मला नीट समजावून सांगितलं. पण मी बिडी पेटवत होतो. इथंच घात झाला.

जेवणाआधी लांबून एक शॉट झाला. मी बसलेलो, शेजारी इंदू तांदूळ पाखडतेय. डायरेक्टरला तिचं पाखडणं आवडलं. "जेवणानंतर मावशींचा क्लोज घेऊ. काका शेजारी असतीलच."

झालं! इंदू धावतच आत आली. "क्लोज म्हणजे नुसता चेहरा हो! ताडपत्रीएवढा!" मग हळूच म्हणाली, "लग्नाच्या फोटोत माझे डोळे मिटलेत. एकदा तरी उघड्या डोळ्यांनी येऊ दे."

मला वाटलं, तिचा चेहरा ताडपत्रीएवढा, म्हणजे शेजारी माझी दाढी साळिंदराएवढी! तिची इज्जत जायला नको. ती भांडी घासत होती तोवर सायकल काढली, बदलापूर स्टेशन गाठलं, गुळगुळीत दाढी केली, मिशी काळी केली. येऊन उल्हासनगरच्या सिंधी शेठकडून घेतलेला चौकड्याचा शर्ट घातला आणि ऐटीत ओट्यावर आलो.

इंदू किंचाळली. "अहो! हे काय केलंत?"

"का? बरा दिसत नाही?"

"येडे झालात का! मघाशी दाढी होती ना तुम्हाला!"

वहीवाली बाई पळत आली. "काका, हा सीन अर्ध्या मिनिटाचा आहे. अर्ध्या मिनिटात दाढी करून आलात तुम्ही? मघाचं आणि आताचं सगळं जुळायला पाहिजे, म्हणून तर मी मेली दिवसभर लिहिते!"

लाइटवाला म्हणाला, "चाचा, हीरो तो वो उधर बैठा है. आप काहे को तकलीफ लिये?"

मेकअपवाल्यानं गोंद लावून माझ्या गालावर एकेक केस चिकटवला, मिशीवर पावडर मारली. भर उन्हात गाल असे खाजायला लागले की काय सांगू! पाटी आपटली, इंदूनं पाखडायला घेतलं, आणि मी शिंकलो. अर्धी दाढी सुपात! इंदूनंही हाताच्या सवयीनं ती फोलपटासारखी पाखडून बाहेर टाकली!

अख्खी कंपनी पोट धरून हसली. डायरेक्टर सोडून.

"सर, ऊन चाललं," कॅमेरामन ओरडला.

"काकांना काढून टाका!"

"कसं काढू? मघाशी शेजारी बसलेत," वहीवाली बाई म्हणाली. "गेले कुठं मग?"

तेवढ्यात इंदू म्हणाली, "उठून आत गेले असं दाखवा की. पाठमोरे. पाठीला कुठं दाढी असते?"

डायरेक्टरनं हातच जोडले. "मावशी, उद्यापासून माझ्याकडं कामाला या!" मग माझ्याकडं वळला. "काका, शर्ट काढा, बनियनवर या. पाटी वाजली की उठायचं आणि मावशींच्या मागून दारात जायचं. मावशी, तुम्ही त्याच वेळी मान वर करून समोर बघायचं. एकच टेक मिळेल!"

टक्! मी उठलो. इंदूच्या मागं बघतो तर निवडलेले तांदूळ चादरीवर भिंतीपर्यंत पसरलेले. आता धान्य ओलांडायचं? लहानपणी एकदा ओलांडलेलं, तेव्हा आईनं थोबाड रंगवलेलं. अन्नाला पाय लावायची माझी छाती नाही. म्हणून मी शहाणा ओट्याखाली उतरून पुढून गेलो. पायजमा वर धरून, जपून, हळूहळू. आणि इंदूनं मान वर केली तेव्हा मी बरोबर तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे!

"कट!" ऊन डोंगराआड गेलेलं. "पॅकअप!"

"आला का हो माझा चेहरा?" इंदू विचारत फिरली. सगळे खाली मान घालून वायरी गुंडाळत होते. फोकसवाला तेवढा म्हणाला, "मावशी, अंतर मी बरोबर मोजलं होतं."

सिनेमा उल्हासनगरच्या टॉकीजला लागला. इंदूनं अर्धी आळी घेऊन पुढची रांग धरली. आमचा सीन आला. आधी लांबून दोन ठिपके, मग पडदाभर माझं बनियन. टोपलीएवढं भोक! मग हिरो. संपलं. मी अंधारात शिव्यांची वाट बघत बसलो. इंदू एवढंच म्हणाली, "भोक शिवायला पाहिजे होतं मी."

हल्ली तो सिनेमा कधीमधी दुपारी टीव्हीवर लागतो. पोरं मला हाक मारतात. इंदूची मान वर यायला लागते, भांग दिसतो, कपाळ दिसतं, भुवया आता दिसणार, तेवढ्यात तो बनियनवाला येतो. मी दर वेळी ओरडतो, "अरे बैला, मागून जा! तुडव ते तांदूळ!"

पण तो ऐकत नाही. त्या माणसानं जन्मात कधी कुणाचं ऐकलंय!