काचेची हरित शाळा आणि कोसाडचा गिलक्याचा वेल

आमच्या संस्थेत ठराव आधी टाइप होतो आणि सभा मग भरते. त्यामुळे "सूरत येथील हरित शाळेची पाहणी करून आलेल्या समितीच्या शिफारशीनुसार जुनी इमारत पाडून काचेची, पूर्ण वातानुकूलित, पर्यावरणपूरक इमारत बांधण्याचे एकमताने ठरले" हा ठराव मी वाचला, तेव्हा समिती अजून गावातच होती. समिती म्हणजे दोघंच: सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणारी मी महाजन बाई आणि आमचे मुख्याध्यापक बोरसे सर. आमची शिफारस ठरली होती, फक्त आम्ही सूरतला जायचं तेवढं राहिलं होतं.

संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब एका लग्नाला सूरतला गेले होते. तिथे त्यांनी गाडीतून ती शाळा पाहिली आणि त्यांचं मन तिच्यावर बसलं. आमची शाळा म्हणजे दगडी जोत्यावरची कौलारू इमारत. दक्षिणेला रुंद व्हरांडा, समोरासमोर खिडक्या, छताखाली झरोके. जुनी आहे, दोन वर्ग गळतात, पोरं वाढल्यामुळे चार वर्ग कमी पडतात, हे सगळं खरं. पण खानदेशातला एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना हेही माहीत असेल की आमच्याकडे वीज दुपारी नेमकी गरजेच्या वेळी जाते. तेव्हा न उघडणाऱ्या काचांच्या आत माझ्या वर्गातली साठ पोरं बसवायची या कल्पनेनं माझं पित्त खवळलं होतं. मी प्रयोगशाळेतला तापमापक कंपासपेटीत घातला आणि निघाले.

अमळनेरहून सकाळची सूरतकडची गाडी पकडा आणि शक्य असेल तर आरक्षण करा, कारण अर्धा खानदेश याच गाडीनं कामावर परततो. नवापूरला फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे. तिथली भजी आम्ही नक्की कुठल्या राज्यात खाल्ली ते कळलं नाही, पण गरम होती. बोरसे सरांनी प्रवासभर मला एकच गोष्ट समजावली.

"बाई, अण्णांना जे हवं ते आपण लिहू. रिटायर व्हायला मला दोन वर्षं राहिलीत."

"आणि मला अकरा," मी म्हणाले. "ती अकरा वर्षं मी त्या काचेत काढायची."

पलसाण्याच्या बाजूला रंगाईच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या की सामान काढायचं. उतरायचं उधन्याला, सूरत स्टेशनची गर्दी टळते. तिथून कोसाडला जायला आम्ही रिक्षा दोनदा बदलली. मुक्काम माझ्या मावसबहिणीकडे, सुमनकडे होता. तिचा नवरा गुलाब गेली वीस वर्षं कापडाच्या लूमवर काम करतो. दोन खोल्यांचं घर, पण सुमननं दारातच माझा हात धरला.

"ये व ताई, सकायपशी वाट देखी राहिनू." सूरतमध्ये इतकी वर्षं काढूनही तिची अहिराणी तशीच आहे. तिची मुलगी मात्र आमच्याशी मराठीत, बापाशी हिंदीत आणि मैत्रिणीशी फोनवर गुजरातीत बोलत होती, तेही एकाच वाक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी लोचो खाल्ला. बेसनाचा वाफवलेला, वर तेल आणि शेव, नाव विचित्र आणि चव अशी की बोरसे सरांनी ठरावाचं नाव काढलं नाही. मग त्या प्रसिद्ध शाळेत. नाव लिहीत नाही, शोधूही नका. पाच मजले निळी काच, दर्शनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत हिरवीगार झाडं आणि दाराशी माणसाच्या उंचीची सोनेरी पाटी: हरित इमारत. मी मास्तरीण, झाड दिसलं की पान चोळून वास घ्यायची सवय. हात पुढे केला तशी सुरक्षारक्षक धावत आला.

"बेन, झाडने हाथ नई लगाडता, धूळ उडशे!"

झाडं प्लास्टिकची होती. रक्षक बोलका होता. त्याच्याकडून कळलं की रोज सकाळी पाइप लावून ती धुतात आणि त्यासाठी पार्किंगखालच्या टाकीतलं, पावसाचं साठवलेलं पाणी वापरतात. म्हणजे पाणी वाचवण्याची योजनाही चालू होती आणि झाडांना पाणीही मिळत होतं. तक्रार करायला जागा नव्हती.

आत आम्हाला इमारत दाखवायला एक तरुण मॅडम आल्या, फार गोड बोलणाऱ्या. दालनात मोठ्या पडद्यावर "आज वाचवलेली वीज" असे आकडे धावत होते. हा पडदा रात्री बंद करता का, असं मी विचारलं. "नहीं मॅडम, ये तो चौबीस घंटे चालू रहता है. सेव्हिंग दिखनी चाहिए ना," त्या म्हणाल्या. बोरसे सरांनी वहीत "पडदा" असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

वर्गात गारठा होता. तापमापक अठरावर, पोरं स्वेटर घालून बसलेली. एप्रिलात, सूरतमध्ये, स्वेटर! मी खिडकी उघडायला गेले तर खिडकीला उघडायची सोयच नव्हती. मग मी मागच्या जिन्यानं बाहेर गेले. तिथे सगळ्या एसीची यंत्रं ओळीनं गरम हवा फेकत होती आणि त्यांच्यासमोर, त्याच हवेत, शाळेच्या सफाईच्या बायका डबा खायला बसल्या होत्या. तापमापक त्रेचाळीस. एक बाई मला म्हणाली, "इथं सावली हाय ना बाई, म्हणून बसतो." बोलण्यावरून परभणी-नांदेडकडची वाटली. तिच्या डब्यातली भाकरी वाळून कडक झाली होती. तोपर्यंत मला सगळ्याची गंमत वाटत होती, तिथे ती संपली.

तरी गच्चीवर पुन्हा हसू आलंच. सौर पॅनेल चकाचक होते, पण सगळे उत्तरेकडे तोंड करून. आपल्याकडे ऊन दक्षिणेनं येतं, हे मी सहावीला शिकवते. मी दोनदा सावली बघून खात्री केली.

"मॅडम, पॅनेल उलटे नाहीत का बसवले?"

"रोड उस साइड है ना," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पेरेंट्स को दिखना चाहिए."

सुटीच्या वेळी फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती, प्रत्येकीचं इंजिन चालू, एसी चालू, प्रत्येकीला न्यायचं फक्त एकेक मूल. आत प्रांगणात मुलं एका सुरात पृथ्वी वाचवण्याची प्रतिज्ञा म्हणत होती. बोरसे सर भारावून गेले. "बाई, काहीही म्हणा, भव्य आहे," ते म्हणाले, आणि भव्य होतंच.

संध्याकाळी मी सुमनच्या ओट्यावर बसून बडबडले. गुलाब ऐकत होता. तो फारसा बोलत नाही, लूमच्या आवाजात वीस वर्षं काढली की बोलायची सवय मोडते. शेवटी तो म्हणाला, "ताई, सकाय आमनी शाळा देखी ल्या."

सुमनच्या मुलीची ती शाळा घरापासून दहा मिनिटं चालत. मराठी माध्यमाची, चार खोल्या, वर पत्रा. पाटीही धड नाही, फाटकावर खडूनं नाव लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी मी आणि बोरसे सर गुलाबबरोबर गेलो, तर लांबून पत्रा दिसेचना. बांबूच्या सांगाड्यावर, पत्र्यापासून हातभर वर, दोऱ्यांवरून गिलक्याचे, म्हणजे घोसाळ्याचे, वेल पसरले होते आणि पिवळी फुलं आली होती. वेलाखालचा पत्रा चुन्यानं पांढरा केलेला. दर होळीला पालक मिळून चुना लावतात.

तिथल्या वाघमारे बाई मूळच्या जालन्याच्या. त्यांनी सांगितलं, "दोन वर्षांमागं पोरं दुपारी चक्कर येऊन पडायची. मी पालकसभेत रडले. तर हे भाऊ उठून छताकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, चिडले."

गुलाब चिडला नव्हता, तो लूमखात्यातली हवा आठवत होता. "कारखानामा गरम हवा कथी जास? वरे," त्यानं मला बोटानं दाखवलं. "मंग वरेच वाट करी दिनी." पालकांतल्या एका गवंड्यानं समोरासमोरच्या भिंतींतल्या वरच्या दोन ओळींच्या विटा काढून जाळीसारख्या परत बसवल्या. खिडक्यांबाहेर दोन हातांवर, कारखान्यातून आलेल्या खराब कापडाचे ताके ताणून सावली केली. वेलाची कल्पना सुमनची. गावाकडे तिच्या आईच्या न्हाणीवर गिलक्याचा वेल असायचा आणि तिथे दुपारीही थंड वाटायचं. आता शाळेच्या खिचडीत गिलकी असतात. पोरांना त्यांचा भयंकर कंटाळा आलाय, हे एका चिमुरडीनं मला न विचारता सांगितलं.

मी तापमापक काढला. बाहेर एक्केचाळीस, वर्गात तेहेतीस, पंखा बंद. कोणी स्वेटर घातलेला नव्हता. फक्त चौथीच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीवरचं कापड वाऱ्यानं फाटलं होतं. दुपारनंतर पहिल्या ओळीतली पोरं उन्हाच्या पट्ट्यातून सरकत सरकत शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसत होती.

"हे सगळं कोणी बघायला आलं का?" मी विचारलं.

वाघमारे बाई हसल्या. "साहेब येतात की. गाडीतून बघतात, पाटी न्हाई म्हणून म्होरं जातात."

परतीच्या गाडीत बोरसे सरांनी वही उघडली. मग वहीतला "पडदा" खोडला आणि म्हणाले, "बाई, अण्णा नाही ऐकणार." ते मलाही माहीत होतं. पण वाघमारे बाईंचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. गावात उतरल्यावर मी घरी न जाता आधी आमच्या पेंटरकडे गेले.

सभा अण्णांच्या नव्या एसी केबिनमध्ये होती. काचेची केबिन, अर्थात. मी तापमापकाचे आकडे वाचले, उलट्या पॅनेलचं सांगितलं, डबा खाणाऱ्या बायकांचं सांगितलं. अण्णा मोबाइलवर निळ्या काचेचे फोटो बघत "वा, वा" म्हणत होते. ठरावाचा कागद सह्यांसाठी फिरायला लागला आणि तेवढ्यात वीज गेली. पाच मिनिटं सगळ्यांनी अध्यक्षांचा मान ठेवला. दहाव्या मिनिटाला उपाध्यक्षांनी सदऱ्याची बटणं सोडली. मग अण्णाच उठले आणि सगळी सभा, ठरावासकट, चालत शाळेच्या व्हरांड्यात आली.

खुर्च्या मांडल्या. कौलांखालून वारा येत होता. अण्णांनी घाम पुसला, पाय लांब केले आणि म्हणाले, "इथं बरं वाटतं बुवा." मग जो व्हरांडा पाडायचा त्याच व्हरांड्यात निवांत बसून त्यांनी तो पाडण्याच्या ठरावावर सही करायला पेन काढलं. पेन कागदाजवळ गेलं, तेव्हा त्यांची नजर समोरच्या खांबावर गेली. तिथे पत्र्याची नवी, सोनेरी पाटी होती: "नैसर्गिक वातानुकूलित, पर्यावरणपूरक शालेय इमारत. संकल्पना: मा. अण्णासाहेब."

ही इमारत उभी राहिली तेव्हा अण्णांचा जन्मही झाला नव्हता. ते हळूच म्हणाले, "हे... कधी लागलं?"

आणि अण्णांसमोर कधी स्वतःहून एक वाक्य न बोललेले बोरसे सर पुढे झाले. "अण्णा, सूरतच्या शाळेतसुद्धा अशीच पाटी आहे. पण तिथं आत वारा नाही."

अण्णांनी पाटी तीनदा वाचली. पाटीखाली फोटो काढून घेतला, एकदा चष्म्यासह, एकदा चष्म्याशिवाय. मग म्हणाले, आपली मूळ संकल्पना सोडून दुसऱ्याची नक्कल कशाला करायची? कौलं दुरुस्त होतील, नवे चार वर्ग याच पद्धतीनं, व्हरांड्यासह बांधले जातील, असं ठरलं. एकमतानं, हे सांगायला नकोच.

माझी पोरं वाचली आणि मी त्या दिवशी पोटभर जेवले. पण रोज खांबाजवळून जाताना ती पाटी डोळ्यांत खुपते. कोसाडला ज्यांनी खरंच डोकं लावलं त्यांचं नाव कुठेच नाही आणि खोटं मी स्वतःच्या हातानं रंगवून घेतलं, याची मला लाज वाटते. म्हणून मी त्याच पेंटरकडून दुसरी पाटी करून घेतली, तेवढ्याच आकाराची, तेवढीच सोनेरी: "संकल्पना: गुलाब आणि सुमन, कोसाड." गावातलं कोणी सूरतला निघालं होतं, त्याच्याबरोबर पाठवली.

आठ दिवसांनी सुमनचा फोन आला. पाटी मिळाली, फार छान आहे, त्यांनी लगेच लावलीसुद्धा.

"फाटकावर लावली ना?" मी विचारलं.

"नही व ताई. चौथीनी खिडकीवर. पहिली लाईनना पोरेस्ले ऊन लागे ना, तठे."

"अगं, मग नाव बाहेरून दिसतं का आतून?"

तिनं तिकडे गुलाबला विचारलं. मागून त्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

"नाव कोनले देखनं शे? सावली पडनी ना."