वर पन्हळ, खाली बायको

तीन मजली घराच्या छपराची पन्हळ साफ करायची तर एक माणूस वर आणि एक शिडी धरायला खाली, हे शेंबडं पोरही सांगेल. पन्हळवाल्यांच्या कामात वर ते स्वतः आणि खाली त्यांची बायको. एकतीस वर्षं झाली.

घरात या माणसाशी काही बोलायला जावं, तर हा चपला घालून बाहेर! म्हणून बाई सगळे विषय शिडीसाठी राखून ठेवायची. नवरा वर पोचला, हात कोपरापर्यंत गाळात गेला, की खालून सुरू. "अहो, मोठीला परगावी नोकरीला पाठवायचं की नाही?" जातात कुठे बिचारे? मोठीची नोकरी तिथेच ठरली, धाकटीचं कॉलेजही.

कामाला मात्र पक्के. कुजलेली पानं, कबुतराच्या काटक्या, कपड्यांचे चिमटे, एकदा तर कुणाची कवळी. सगळं खुरप्याने ओढून बादलीत. मग मगभर पाणी सोडून बघत बसायचे. पाणी थबकलं, की तिथली पट्टी आवळून पन्हळ बोटभर उचलायची. आपल्याला बघून गळका सांधा आपोआप बंद होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणोत बापडे.

गेले दोन महिने वर गेलं की त्यांना गरगरायचं. बायकोला सांगितलं असतं तर शिडी त्याच दिवशी भंगारात गेली असती, आणि मग घरी बसून काय माश्या मारायच्या? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहिले.

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या घराची पन्हळ अर्धी झाली, आणि समोरची भिंत सावकाश डावीकडे निघाली. त्यांनी शिडीला मिठी मारली आणि डोळे मिटले. खाली नव्या ओट्याबद्दल चाललं होतं.

"ऐकताय ना?"

"अगं, मला गरगरतंय."

खालचा आवाज बंद. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आता मात्र त्यांची पाचावर धारण बसली.

मग बाई नेहमीच्याच सुरात म्हणाली, "ओटा काळा घ्यायचा की पांढरा? एक पायरी उतरा आणि सांगा."

"काळा." एक पायरी.

"नळ कुठे?"

"डावीकडे."

"डावीकडे खिडकी नाही का? डोकं कुठे असतं तुमचं? उतरा."

असं करत नळ झाला, कपाट झालं, फरशी झाली. अख्खं स्वयंपाकघर उभं राहिलं, तेव्हा कुठे पाय जमिनीला लागले.

"सोड आता शिडी," ते म्हणाले.

"सुटत नाहीये." तिची बोटं पांढरी पडली होती. "भ्यायले ना मी. दोन महिने रोज भितेय. तुम्हाला काय वाटलं, मला कळत नाही? घरातसुद्धा भिंत धरून चालता."

"मग बोलली का नाहीस?"

"शिडी गेली असती, तर तुम्ही माझ्याशी बोलला असता कुठे?"

ते तिचं एकेक बोट शिडीवरून सोडवायला लागले. करंगळीपर्यंत आले तेव्हा म्हणाले, "चल, घरी बोलू."