न सुटणारा सदतीस

सालोमीबाई डाबरे अर्नाळ्याच्या शाळेत चौथीच्या वर्गावर बदलून आल्या ते साल होतं एकोणीसशे शहात्तर. घर नंदाखालला, नवरा फ्रान्सिस केळीच्या वाडीत राबणारा, आणि बाई रोज सकाळी आगाशीवरून एसटीने अर्नाळ्याला. वर्गात बहुतेक पोरं मच्छीमारांची. पाढे म्हणताना आवाज असा लावायची की बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडून जावेत.

पहिल्या आठवड्यात बाई खूश होत्या. मग एके दिवशी त्यांनी सहज विचारलं, "सावित्री, सात सक किती?"

सावित्री ही पुढच्या बाकावरची, दोन घट्ट वेण्यांची मुलगी. पाढे म्हणण्यात वर्गात पहिली. ती उभी राहिली, डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. सात एके सात, सात दुणे चौदा... बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. "बेचाळीस, बाय."

"अगं, एकदम का नाही सांगितलंस?"

"मधूनच कसा सांगनार? पयल्यापासून म्हनायला लागते ना."

वर्गातल्या कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. बाईंच्या मनात मात्र ते घर करून राहिलं. बसमधून परत जातानाही त्या विचार करत होत्या. या पोरांना पाढा येतो, पण गाणं यावं तसा येतो. मधलीच ओळ विचारली तर सुरुवातीपासून गावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात डबा खात होत्या. समोर मुली सागरगोटे खेळत होत्या. सावित्रीने मूठभर उधळले, पंजाच्या पाठीवर झेलले, आणि जमिनीवर पडलेल्यांकडे नुसती नजर टाकून म्हणाली, "तीन ऱ्हायले." मोजलं नाही, बोट लावलं नाही. बाईंचा घास हातातच राहिला. इथे हिला एकपासून सुरुवात करावी लागत नाही. का?

त्या उठून मुलींच्या घोळक्यात जाऊन बसल्या. "मला शिकवा गं."

मुली आधी लाजल्या, मग बाईंच्या हातून सागरगोटे सुटायला लागले तशा खदाखदा हसल्या. त्या खेळात बाईंना एक गोष्ट उमगली. खेळताना उत्तर कुणी विचारत नाही, उत्तराची गरज पडते. हात चालवायचा तर आकडा डोळ्यांना दिसायलाच हवा. पाढ्यांची अशी गरज कशी निर्माण करायची, हे कोडं घेऊन त्या घरी गेल्या.

फ्रान्सिसला त्यांनी विचारलं, "अर्नाळ्याची पोरं काय बघत मोठी होतात?"

"जाळी," तो केळीची पानं छाटता छाटता म्हणाला. "दुसरं काय?"

जुन्या कॅलेंडरांची पानं कापून बाईंनी चौकोन केले. त्यांच्या कोऱ्या पाठीवर दोनपासून पन्नासपर्यंतचे आकडे घाईघाईने ओळीने लिहिले. प्रत्येकाला दोरा ओवला. दुसऱ्या दिवशी वर्ग शाळेमागच्या वाळूत नेला. अर्धी मुलं हात धरून गोल उभी राहिली, ते जाळं. उरलेली आत, गळ्यात न बघता उचललेला आकडा अडकवून, ते मासे. बाईंनी "सहा आठे!" असं ओरडायचं, की जाळं खाली बसायला लागणार. ते पूर्ण बसायच्या आत अठ्ठेचाळीसने हातांखालून निसटायचं. चुकीचा मासा पळाला तर तो जाळ्यात भरती. "एके" म्हणायचं नाही असं आधीच ठरलं, कारण मग आपलाच आकडा ऐकून कुणीही पळालं असतं.

पहिल्या डावात नुसता गोंधळ. बाई "पाच सक" म्हणाल्या आणि चारजण एकदम धावून एकमेकांवर आदळले. पण आठवड्याभरात गंमत झाली. आकडा गळ्यात पडला की प्रत्येक मासा त्याचे सगळे रस्ते आठवून ठेवायला लागला. चोवीसवाल्याला ठाऊक असायचं की तीन आठे, चार सक आणि बारा दुणे ही आपली दारं. कुणाच्या हाती चोवीस लागला की तो बदलून घ्यायला मारामाऱ्या व्हायच्या. पाढा पहिल्यापासून म्हणत बसायला कुणाला सवडच नव्हती.

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक हरिश्चंद्र गुरुजी बाहेर आले. धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की बंदर?"

"गणिताचा तास आहे, गुरुजी."

गुरुजी कपाळाला आठ्या घालून आत गेले.

त्याच दिवशी सावित्री खेळ सोडून वाळूत फतकल मारून बसली. गाल फुगलेले. गळ्यात सदतीस.

"काय झालं गं?"

"बाय, तुम्ही मला बोलावतच नाय. सगले सुटले. मी सकालपासून जाल्यात!"

बाईंनी मनात सदतीस शोधला. सहाच्या पाढ्यात नाही. सातच्या, आठच्या, नवाच्याही नाही. त्यांना एकदम हसू आलं आणि चुटपुटही लागली. आकडे ओळीने लिहीत जाताना हा विचार डोक्यात आलाच नव्हता, आणि असे मासे आजवर चुकीच्या हाकेला पळून जाळ्यात भरती होत आल्याने ते लक्षातही आलं नव्हतं.

"मी विसरले नाही, सावित्री. तुझ्या माशाला दारच नाही."

"असा कसा नाय? दार नसलेला आकडा असते?"

या प्रश्नाने सगळं जाळं हात सोडून भोवती जमलं. बाई म्हणाल्या, "आपण बघू या. शिंपल्या आणा."

पोरांनी सदतीस शिंपल्या गोळा केल्या आणि त्यांच्या सारख्या ओळी लावायला घेतल्या. दोन-दोनच्या लावल्या, एक उरली. तीन-तीनच्या, एक उरली. चार-चारच्या, तरी एक उरली. पाचाच्या लावल्या तर दोन उरल्या. कशीही मांडणी केली तरी ओळी पुऱ्या होईनात. सावित्रीचा राग कुठल्या कुठे पळाला. "हा हट्टी मासा हाय," ती म्हणाली. तेव्हापासून अशा आकड्यांना वर्गात हट्टी मासे हेच नाव पडलं.

मग पोरांना ध्यासच लागला. सतरा हट्टी, तेवीस हट्टी, एकेचाळीस हट्टी. सुट्टीत जिकडेतिकडे शिंपल्यांच्या ओळी दिसायच्या. असे आकडे असतात हे बाई स्वतः शाळेत शिकल्या होत्या, पण नियम म्हणून. अशी त्यांच्याशी गाठ कधी पडली नव्हती.

एका दुपारी हरिश्चंद्र गुरुजी पुन्हा आले. पोरं दचकली. गुरुजींनी वाळूत काठीने एक्कावन्न लिहिलं. "हा हट्टी आहे की नाही, सांगा."

पोरांनी ओळी लावल्या. दोनच्या बसेनात, चारच्या बसेनात, पाचच्या बसेनात. "हट्टी!" असा एकच गलका झाला.

"तीनच्या कुणी लावल्या?" गुरुजी मिशीत हसत म्हणाले. "सतरा त्रिक एक्कावन्न. लुच्चा मासा आहे हा, हट्टाचं सोंग करणारा." नंतर बाईंना दिसलं, गुरुजी सगळे गेल्यावर एकटेच वाकून एक्याण्णवच्या ओळी लावत होते.

पण सावित्रीचं समाधान होईना. "बाय, शेवटचा हट्टी मासा कोनता?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. गुरुजींनाही विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

फ्रान्सिसचा मामेभाऊ ॲन्सेल्म विरारच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचा. रविवारी मिस्सा आटोपून तो जेवायला आला, तेव्हा बाईंनी त्याला गाठलं.

"शेवटचा असा नाहीच, वहिनी. ते कधी संपतच नाहीत."

"कुणी मोजून पाहिलं?"

"मोजायची गरज नाही."

"सावित्री मला हेच विचारणार, की मोजलं नाही तर कळलं कसं?"

ॲन्सेल्मने ताटाभोवती चिंचोके मांडले. पहिल्यांदा बाईंना कळलं नाही, दुसऱ्यांदा अर्धं कळलं. जेवण निवलं, फ्रान्सिस वैतागला, पण बाईंनी दिराला उठू दिलं नाही.

सोमवारी त्यांनी वाळूत तेच मांडलं. "समजा, आपल्याला दोन, तीन आणि पाच एवढेच हट्टी मासे ठाऊक आहेत. त्यांचा गुणाकार किती?"

"तीस!" वर्ग ओरडला.

"तीस शिंपल्या मांडा. दोनच्या ओळी लावा. बसल्या? तीनच्या? पाचच्या? सगळ्या बसतात. आता त्यात एक शिंपली टाका."

सावित्रीने एकतिसावी शिंपली टाकली आणि ओळी लावून पाहिल्या. दर वेळी ती एक शिंपली उरत राहिली.

"म्हंजे बाय, आपल्याकडचा एक पन हट्टी मासा ह्या एकतीसात बसत नाय. मग हा सोता तरी हट्टी, नायतर ह्याच्यात आपल्याला न गावलेला हट्टी बसलाय."

"हो."

"आनि तो गावला, तरी परत तसाच करायचा. परत नवीन."

"हो, सावित्री."

काल ॲन्सेल्मने सांगताना बाईंना जे नीट पकडता आलं नव्हतं, ते या मुलीच्या तोंडून ऐकताना पुरतं उमगलं.

त्या वर्षी चौथीचा वर्ग पाढ्यांत कुठेही अडेनासा झाला. कुठूनही विचारा, उत्तर तयार. सावित्री पुढे आगाशीच्या हायस्कुलात गेली, आणि घरची मासळी निवडायची कामं सांभाळून मॅट्रिक झाली. सालोमीबाईंची काही वर्षांनी समुद्रापासून दूर, केळीच्या वाड्यांच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या शाळेत बदली झाली. तिथल्या पोरांना जाळ्याच्या खेळात फारसा रस वाटला नाही. बाईंनी चार दिवस प्रयत्न केला, मग आकड्यांचे चौकोन कपाटात ठेवले आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून उतरून विटीदांडू खेळणाऱ्या मुलांजवळ जाऊन उभ्या राहिल्या.