शाळेच्या खोल्या आणि आमचं पुंजणं

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला, रेशनचा असो की बँकेचा, तो माझ्यापुढे ठेवला जातो. मला त्यातलं सगळं कळतं असं नाही. पण आईला वाटतं कळतं, आणि तिचा हा समज मोडायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आई गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझी धाकटी बहीण तिथे दुसरीत शिकते, आणि अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात. शाळेच्या दोन जुन्या खोल्या धोकादायक ठरवून पाडल्या, तेव्हापासून पहिली-दुसरीची मुलं बुद्धविहारात बसत होती. विहारात काही कार्यक्रम असला की त्यांना सुट्टी. म्हणून नव्या खोल्यांसाठी समितीने ठराव केला. तो पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत गेला, जिल्हा नियोजनाच्या निधीत बसला, बांधकाम विभागाने अंदाजपत्रक केलं आणि मंजुरी आली. हा सगळा प्रवास मी कागदांवरच्या शिक्क्यांवरून जुळवला. निधी मार्चअखेर वापरला नाही तर परत जाणार, एवढं मात्र सगळ्या गावाला माहीत होतं.

जानेवारीत एका सकाळी इंजिनिअर साहेब जागेची आखणी करायला आले. शाळेत जाताना आई फार हळू चालत होती.

"तुले साहेबासोबत बोलता येईल काय?" तिने विचारलं.

"काय बोलू?"

"काई नाई. चाल."

आवाराच्या खालच्या कोपऱ्यात मिस्त्रीने पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून पातळी पाहिली. कोपरा जवळजवळ दीड हात खाली निघाला. साहेबांनी फाईल उघडली.

"ठरावात तर जागा उंच आणि सपाट लिहिली आहे. कोणी लिहिलं हे?"

अक्षर माझं होतं. समितीने सांगितलं तसं मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. मी जमिनीकडे पाहत राहिले.

"पावसाळ्यात इथे पाणी साचतं का?" साहेबांनी विचारलं.

"साचत कायले बाप्पा," समितीतल्या शेजारच्या काकू म्हणाल्या. "जरासी ओल राहते."

"आमी इथं बेडकं पकडतो न!" आमच्या मागे आलेली माझी बहीण मोठ्याने म्हणाली.

मिस्त्रीला हसू आवरलं नाही. मुख्याध्यापक सर दुसरीकडे बघू लागले. आणि आई पुढे आली.

"साहेब, पोरगी खरं बोलून राहिली. बोडी भरली का तिचं पाणी इथूनच जाते. उंच जागा तिकडं आहे. पण तिकडं आमची पुंजणी राहतात."

बोडी म्हणजे गावचं लहान तळं, आणि कापलेल्या धानाचे भारे रचून जो ढीग करतात, ते पुंजणं. शाळेच्या वरच्या कोपऱ्यात अशी सात पुंजणी उभी होती. गावाची धान चुरायची, म्हणजे मळायची, जागा कित्येक वर्षांपासून तीच. ती सोडावी लागू नये म्हणून ठरावाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून खालचा कोपरा दाखवला होता. सातांतलं सगळ्यात मोठं पुंजणं आमचं होतं.

"तेव्हा काहून नाही सांगितलं?" साहेबही आमच्याच भाषेत आले.

"तवा धान दिसे, साहेब. पोरं नाई दिसले."

साहेबांनी फाईल मिटून अडचण सांगितली. खालच्या कोपऱ्यात जोतं उंच करायचं तर अंदाजपत्रक नव्याने करावं लागेल, नवी मंजुरी लागेल, आणि मार्च निघून जाईल. त्याच आवारात जागा बदलायची तर वरच्या साहेबांची परवानगी हवी आणि समितीचा ठराव. त्यांनी बाजूला जाऊन फोन लावला. तो फोन संपेपर्यंत आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझ्याच बांगड्या मला रुतल्या.

"होते म्हणतात," साहेब परत येऊन म्हणाले. "पण दुपारपर्यंत जागा मोकळी पाहिजे. उद्या मी दुसऱ्या गावी आहे."

आईने पदर खोचला आणि आमच्या पुंजण्याचा पहिला भारा स्वतः उचलला.

"अवं अध्यक्षबाई, मानाची खुर्ची अशी राहते काय?" काकूंनी टोमणा मारला, आणि दुसरा भारा त्यांनीच डोक्यावर घेतला.

मग बाया आल्या, ज्यांची पुंजणी होती ते आले, ज्यांची नव्हती तेही आले. सरांच्या पांढऱ्या शर्टाला धानाची तणस चिकटली. भारे नेऊन रचले खालच्याच कोपऱ्यात, कारण हिवाळ्यात तो कोरडाठाक असतो. हे आधी कोणाच्याच डोक्यात कसं आलं नाही, यावर जाता-येता भांडण आणि हसणं दोन्ही चाललं होतं.

ठराव मलाच लिहायचा होता. काय लिहू म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, "जे खरं आहे ते." मी लिहिलं, 'आधी सुचवलेली जागा सखल आहे हे आम्हांस माहीत होते.' साहेबांनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. "इतकं खरं!"

"राहू द्या न साहेब," आई म्हणाली आणि खाली सही केली. तिला सहीला वेळ लागतो. सगळे थांबले.

दुपारी मिस्त्रीने वरच्या कोपऱ्यात फक्कीने पांढऱ्या रेघा ओढल्या. दोन चौकोन, आणि दरवाजांच्या जागी रेघ सोडलेली. विहारातून मुलं धावत आली. आखलेल्या भिंती त्यांना उड्या मारून सहज ओलांडता आल्या असत्या. पण त्यांनी दाराशी चपला काढल्या, रांग लावली आणि एकेक जण दारातूनच आत गेला. पहिली एका खोलीत बसली, दुसरी दुसऱ्या खोलीत. सर बाहेरच उभे राहिले, तेव्हा माझी बहीण म्हणाली, "सर, आत या न."

सर दारातून वाकून आत गेले.