टाक्यावरचा वीर

ती केस निघाली की माझा जुना हवालदार आजही फोनवर खो खो हसतो. मला मात्र त्या केसमधला एक चेहरा आठवतो आणि हसू येत नाही.

चौक आणि कर्जतच्या मधलं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. गावाबाहेर पाण्याचं जुनं दगडी टाकं आणि काठावर लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड. त्यांतला शेंदूर फासलेला एक दगड गाव ‘वीर’ म्हणून पुजतं. जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेने टाक्याच्या दुरुस्तीसाठी गावाला अनुदान दिलं होतं. पहिल्या हप्त्यात काम सुरू झालं. दुसऱ्या हप्त्याआधी संस्थेचे लोक पाहणीला यायचे होते आणि नेमका तेव्हाच वीर जागेवरून गायब झाला.

सरपंच दहा-बारा माणसं घेऊन ठाण्यात आले, संशयिताचं नाव घेऊनच. गावच्या जतन समितीचा सचिव, खोपोलीच्या एका कंपनीत नोकरी करणारा, बौद्ध कुटुंबातला तिशीचा तरुण. अनुदान मिळवण्याची सगळी धावपळ त्यानेच केली होती.

“त्याला आमच्या देवाचं काय पडलंय, सायेब?” एक जण म्हणाला. “विकला असंल कुना फार्महाऊसवाल्याला.”

असे दगड बागेत मांडायची हौस असलेले लोक आमच्या हद्दीत कमी नव्हते, त्यामुळे शक्यता सोडता येत नव्हती. गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवला. संध्याकाळी नाव न सांगता एक फोन आला: सचिवाच्या दारात टेंपो उभा होता, माल ताडपत्रीखाली होता. टेंपो शिळफाट्याला सापडला. हौद्यात सगळीकडे चुना सांडलेला. टाक्याच्या डागडुजीसाठी चुन्याची पोती आणली होती, एवढीच ती खबर.

तरी सचिवाला बोलावलं. तो ताठ बसला होता.

“साहेब, माझ्या आज्याला त्या टाक्यावर पाणी भरू देत नव्हते,” तो म्हणाला. “त्याच टाक्यासाठी मी पैसे आणले. ते मीच बुडवीन? तुम्ही मला सोडाल हो, पण गाव मला चोरच म्हणणार.”

पोलिसासमोर निरपराध माणूसही घाबरतो. हा घाबरला नव्हता, दुखावला होता. त्या दोन्हींतला फरक मला कळतो.

घटनास्थळाचा पंचनामा करताना वीराच्या रिकाम्या खड्ड्यात एक चपटा दगड दिसला. तो उचलला तर खाली तांदळावर मांडलेली, शेंदूर लावलेली सुपारी.

“साहेब, चोर भलताच भाविक दिसतोय!” हवालदार हसला.

मी दगड परत झाकला. पंच हायवेवरच्या गॅरेजमधले होते, त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. देव हलवायचा असेल तर त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत, तो परत येईपर्यंत सुपारी मांडतात. विकणारा कशाला सुपारी मांडेल? वीर परत येणार होता आणि तो नेणाऱ्याच्या घरात ही रीत पाळली जात होती.

वीराला रोज तेल वाहायचा आणि शेंदूर लावायचा मान गावातल्या एकाच शेतकरी घराचा. त्या घरचे वडीलधारे काका ठाण्यात आलेल्यांत होते. बाकीचे तावातावाने बोलत होते आणि काका दुसरा चहा मागून पीत होते. ज्याच्या घरचा देव गेला त्याला चहा इतका गोड लागत नाही. मी त्यांना पुन्हा बोलावलं, पुन्हा चहा दिला आणि पीकपाण्याच्या गप्पांत सहज विचारलं, “काका, वीर तर नाही. मग आज तेल कुणाला वाहिलंत?”

“सुपारी मांडलीय की,” काका म्हणाले आणि कप हातातच राहिला.

मग सगळं बाहेर आलं. संस्थेचे लोक शेंदूर काढून खालचं कोरीव काम दाखवणार होते. “माज्या बापानं, आज्यानं लावलेला शेंदूर हाय तो, सायेब. खरवडतील म्हनून भावकीतल्या दोगांना घेतलं नि उडवीत पेंढ्याखाली ठेवला. पाहनी झाली का परत बसवनार व्हतो.”

“देव लपवलात ते समजलं,” मी म्हणालो. मला खरंच राग आला होता. “पण पोरावर आळ आला तेव्हा गप्प का बसलात?”

काकांनी कप खाली ठेवला आणि उडवी दाखवायला उठले.

वीर मिळाला. कागदोपत्री प्रकरण मिटवणं सोपं होतं. सचिवाने आपण निर्दोष असल्याचं लेखी मागितलं. ते दिलं, पण काकांनाही सांगितलं, आता टाक्यावर चला आणि सगळ्या गावासमोर बोला.

सगळं गाव जमलं. काका हात जोडून म्हणाले, “वीर मी नेला. ह्याचा काय दोष नाय.”

“काका, मला एकदा विचारायचं तरी,” सचिव म्हणाला. “शेंदूर राहू द्या, असं मीच त्यांना सांगितलं असतं.”

“तुला कसं इचारनार रं? आमचा देव...”

“देव तुमचा, काका. गाव तर माझं पण हाय ना?”

पाहणीच्या दिवशी सचिवानेच संस्थेच्या लोकांना समजावलं. शेंदूर राहिला आणि दुसरा हप्ताही आला.

पुढे नोकरीत कुणाला निर्दोष सोडायची वेळ आली, की त्याला ठाण्याच्या दारातून एकटं घरी पाठवणं मी बंद केलं. त्याच्या गावात जायचो, लोक जमवायचो आणि सगळ्यांच्या देखत सांगायचो, हा चोर नाही. चारचौघांत लागलेला आळ चारचौघांतच उतरवावा लागतो आणि तेही पोलिसाचंच काम आहे.