परत न दिलेला 'तू'

तुम्हाला 'तू' म्हणणारी किती माणसं जिवंत आहेत? खरं सांगा. मेलानियाला तसं एकच माणूस उरलं होतं, आणि तेही तिला 'पानी' म्हणायचं. पानी म्हणजे आमच्या पोलिशमध्ये बाईसाहेब.

आमच्यात 'तू' फुकट मिळत नाही. वयानं मोठ्या माणसानं तो द्यायचा असतो. वूच शहरातल्या कापडगिरणीत लुद्विकानं शेजारच्या मागावरच्या मेलानियाला तो दिला. रीतीप्रमाणे हातात हात अडकवून दोघी वोदका प्यायल्या. पुढे संप झाला. मेलानियाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, ती गुपचूप कामावर गेली. लुद्विकानं गिरणीच्या फाटकातच सुनावलं, "आजपासून मी तुमच्यासाठी पानी लुद्विका." एकेरीवर येऊन भांडणारे जगात पुष्कळ. आमच्याकडे अदबीनं गळा कापतात.

संपफोड्यांची मला चीड आहे. पण कित्येक वर्षांनी घरमालकानं आमची चाळ रिकामी करायला गॅस तोडला, तेव्हा आम्हा भाडेकरूंच्या प्रत्येक मोर्चात म्हातारी मेलानिया पहिल्या रांगेत होती. समोरच्याच दारात राहणारी लुद्विका जिन्यात भेटली की मान तुकवून तिला नमस्कार घाली, बस्स. नवरा गेला, बहिणी गेल्या. मी एकदा म्हटलं, मी म्हणते तुम्हाला तू. ती हसली.

"तुझा नको गं पोरी. माझा मला परत हवाय."

नोव्हेंबरात तिची फुप्फुसं भरली. दवाखान्यातून मी तडक लुद्विकाच्या दारात. म्हटलं, संप मोडला, गिरणीही मोडली, आता कसला तोरा? "मोर्चे सांभाळा तुमचे," ती फणकारली. पण डोक्याला रुमाल बांधून निघाली, बरणीत सफरचंद उकळून केलेलं गोड कॉम्पोट घेऊन.

खाटेशी उभी राहिली. मेलानिया तिच्या तोंडाकडे बघत होती. लुद्विकाचे ओठ हलले, थांबले.

"घोटभर घ्यावं पानींनी."

मेलानियानं घेतलं. "आभारी आहे, पानी लुद्विका," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. सकाळी गेली.

मातीच्या वेळी लुद्विका खड्ड्यावर वाकून पुटपुटत होती, "गारठली असशील तू. ऐकतेस ना? तू..." पाद्री ताटकळला, तिला उठवायला कुणी धजेना. मला तिचा संताप यायला हवा होता. रडू आलं.

कुणाचा 'तू' रागाच्या भरात काढून घेतला असेल, तर आजच जा. जीभ वळत नसली तरी दार वाजवा, आणि त्या माणसाच्या कानी पडतोय तोवर परत देऊन या.